गंजलेल्या टूल कपाटाची घरच्या घरी रंगरंगोटी (सिडको, नाशिक): कामाच्या नोंदी

१७ जानेवारी, शनिवार

कपाट घरी आलं. अंबड एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप बंद झालं, त्याच्या टूलरूममधलं हे. उंची चार फूट, रुंदी तीन, खोली दीड. वर दोन दारांचा कप्पा, त्यात दोन फळ्या. खाली पाच ड्रॉवर. पत्रा २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास. स्वस्तातल्या नव्या कपाटांना एवढा जाड पत्रा नसतो, त्याचाच मोह झाला. मालकाने वजनकाट्यावर न नेता सरसकट २,८०० रुपये सांगितले. छोट्या हत्तीचे ६०० आणि उचलणाऱ्या पोरांचे ३०० वेगळे.

अवस्था अशी: बाहेरचा हिरवा रंग जागोजागी टिचलाय, पण पत्रा शाबूत. तळाची चौकट चारही बाजूंनी खाल्लेली. मागच्या उजव्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. एक गोष्ट मात्र कोड्यात टाकणारी. फळ्यांच्या वरच्या अंगापेक्षा खालच्या अंगाला गंज जास्त आहे, पिवळट आणि भुकटीसारखा. पाणी सांडतं ते वरून. मग गंज पोटाला कसा?

पावडर कोटिंगची (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत भाजायची) चौकशी आधीच केली होती. सातपूरला एकाने ४,५०० सांगितले, ब्लास्टिंगचे, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढायचे, वेगळे. पण करून घेऊ नका असं त्यानेच सुचवलं. भट्टी १८० ते २०० अंशांची असते. पत्र्याच्या दुहेरी घडीत आणि स्पॉट वेल्डिंगच्या (ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेल्या) सांध्यांत मुरलेलं तेल, गंज त्या उष्णतेला बाहेर येतं आणि पावडरीवर फोड धरतात. शिवाय एवढ्या पातळ पत्र्यावर वाळूचा मारा बेताने झाला नाही तर पत्रा फुगतो, मग दार चौकटीत बसत नाही. "नवा माल असता तर डोळे झाकून घेतला असता भाऊ," म्हणाला. तेव्हा घरीच करायचं ठरलं.

१८ जानेवारी, रविवार

खोलणी. ड्रॉवर आधी काढले. प्रत्येक ड्रॉवरचा रनर (ज्यावर तो सरकतो ती पट्टी) वर्षानुवर्षं घासून आपापल्या खाचेशी जुळलेला असतो, अदलाबदल झाली की अडायला लागतो. त्यामुळे खूण हवी. मार्करची खूण थिनरचा बोळा फिरला की गेली. सेंटर पंचने (हातोडीने ठोकून खूण करायचं टोकदार हत्यार) मागच्या पट्टीवर ठिपके मारले, सगळ्यात वरच्याला एक, खालच्याला पाच, आणि चौकटीच्या आतल्या बाजूलाही तेवढेच. रंगाचे दोन-तीन हात बसले तरी ठिपका बोटाला लागतो.

बिजागऱ्यांचे स्क्रू जाम. रात्रीच डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं. सकाळी स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसवून वरून हातोडीचे चार टोले दिले आणि मग फिरवलं, बहुतेक सुटले. जोर लावून खाच गुळगुळीत करण्यापेक्षा टोले बरे. जे सुटलेच नाहीत त्यांची डोकी ड्रिलने उडवली.

वरचा कप्पा रिकामा केल्यावर कोड्याचं उत्तर सापडलं. खालच्या कोपऱ्यात बाटलीच्या बुडाचा गोल डाग, कडेने पांढरट क्षार. तिथे फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली ठेवलेली असणार. हे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. बूच कितीही आवळा, वाफ थोडी थोडी सुटतच राहते. बंद कपाटात ती जाणार कुठे? पत्र्यावर बसते, हत्यारांवर बसते. फळीच्या पोटाला कारखान्यातूनच रंग पातळ मारलेला असतो, कारण तिकडे कोणी बघत नाही. म्हणून गंज तिथून सुरू झाला.

याचा परिणाम पुढच्या सगळ्या कामावर होणार आहे. असा गंज नुसता घासून भागत नाही. खड्ड्यांत क्लोराईडचे क्षार राहतात, ते हवेतली ओल ओढतात आणि रंगाखाली पुन्हा फोड येतात. घासायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा धुवावं लागेल. गंजलेल्या लोखंडाला पाणी लावायचं ऐकून घरच्यांनी माझ्याकडे बघितलं ते बघितलंच.

तळाच्या गंजाचं कारण साधं आहे. कपाट थेट फरशीवर, आणि फरशी रोज पुसायची. ओला पोछा कडेला लागतो, पाणी घडीत शिरतं आणि तिथे कधीच वाळत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

आधी धुणं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून नायलॉनच्या ब्रशने फळ्या, आतली बाजू, ड्रॉवर सगळं घासलं. तेलाचा थरही यातच निघाला. स्वच्छ पाणी मारून गच्चीवर उन्हात उभं केलं.

मग जुना रंग. हा कोरडा घासू नये. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्या नियमात येतच नाहीत, आणि हे कपाट त्याच्याही कितीतरी आधीचं दिसतं. घरात लहान मूल असेल तर ही धूळ फार वाईट. म्हणून जिथे रंग घट्ट आहे तिथे तो काढलाच नाही, वॉटर पेपरने ओला घासून फक्त खरबरीत केला. सुटे पोपडे पाणी शिंपडत पत्तीने खरवडले, खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकमध्ये गोळा केले. रंग पूर्ण पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढायलाच हवा असं काही नाही. घट्ट बसलेला जुना रंग हे फुकट मिळालेलं प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आहे.

गंजावर ग्राइंडरला तारेचा कप लावून काम. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या घरात फिरतो, तुटलेली तार सुईसारखी उडते. साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा आणि जाड कापडाचा शर्ट. माझ्या स्वेटरमध्ये तीन तारा रुतलेल्या निघाल्या. फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावायचा मोह होतो, काम झपाट्याने होतं. पण ती गंजाबरोबर पत्राही खाते. २० गेजमध्ये खाण्यासारखं फार काही नसतं.

तारेच्या कपाचा एक डाव सांगून ठेवतो. तो खड्ड्यातला गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतो. वरून बघितलं तर काळपट चकचकीत, लोखंडच वाटतं. खात्री करायची तर पत्तीच्या टोकाने ओरखडा काढा. चांदीसारखी रेघ आली तर पत्रा, तपकिरी भुकटी आली तर अजून गंज. माझी एक फळी झाली म्हणून बाजूला ठेवली होती, ती या चाचणीत सपशेल नापास. तिथे ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून हातानेच घासावं लागलं.

सिडकोतली घरं भिंतीला भिंत लागून. दुपारी शेजारच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "अहो, दोन ते चार तरी थांबवा की हो!" थांबवलं. यापुढे ग्राइंडर सकाळी दहा ते एक.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून आलो आणि ॲसिडला बसलो. फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर, लिटरला २९०. गंजाचं रूपांतर लोह फॉस्फेटमध्ये होतं, पृष्ठभाग करडा-काळा पडतो आणि त्यावर प्रायमर चांगलं धरतं. हायड्रोक्लोरिकने गंज झटक्यात निघतो हे खरं, पण कपाटाची वाट त्यानेच लागली आहे.

काल सकाळी आठला लावलं होतं. गारठ्यात काहीच झालं नाही, दोन तास नुसतं ओलं राहिलं. मग ऊन चढलं आणि तेच द्रावण वाळून चिकट पांढरी साय धरली. ती साय प्रायमरखाली राहिली तर रंग सुटणार. पाण्याने आणि ब्रशने काढावी लागली, अर्धा दिवस त्यात गेला.

आज वेळ बदलली. अकरानंतर पत्रा हाताला कोमट लागल्यावर, सावलीत, एका वेळी एकच फळी. ब्रशने लावायचं, वाळायला लागलं की पुन्हा ओलं करायचं, वीस-पंचवीस मिनिटांनी धुवायचं. धुतल्यावर दुसरी पंचाईत: उघडा पत्रा वाळता वाळता नारिंगी होतो. हा पातळ गंज डोळ्यांदेखत येतो. उपाय म्हणजे घाई. जुन्या बनियनने लगेच पुसलं, लेकीच्या हेअर ड्रायरने सांधे सुकवले आणि थिनरचा बोळा फिरवला. हेअर ड्रायर परत देताना नवा मागितला गेला, तो खर्च खाली धरलेला नाही.

बिजागऱ्या, स्क्रू, मुठी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात. लिटरभर गरम पाण्याला ५० ग्रॅम, रात्रभर. सकाळी काळा गाळ ब्रशने निघाला, खाली लख्ख धातू. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढलं आणि मशीन ऑइल चोळलं. कुलपाची स्प्रिंग मात्र यात टाकली नाही. कडक पोलादाला ॲसिडमधला हायड्रोजन ठिसूळ करतो, नंतर ती कधीही तुटू शकते. ती नुसती घासून तेलात ठेवली.

३१ जानेवारी, शनिवार

तळ. मागच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं भोक, त्याच्या आजूबाजूला उजेडाला धरलं तर चाळण.

पवननगरच्या गॅरेजवाल्या दादाला फोटो दाखवला. मला पॅटीन (पत्र्याचे पोच भरायची लांबी) भरून मोकळं व्हायचं होतं. तो म्हणाला, "पॅटीन खड्ड्याला, भोकाला नाही. मागे आधार नसेल तर पहिल्या दणक्याला निघून हातात येईल." वेल्डिंगचंही त्याला पटलं नाही. खाल्लेल्या पत्र्याला आर्क लावला तर भोक मोठं होत जातं, चांगल्या पत्र्यापर्यंत कापूनच जोड द्यावी लागते.

शेवटी ठिगळ. फॅब्रिकेशनवाल्याकडून २० गेजची पट्टी एल आकारात वाकवून आणली, पॉप रिव्हेटसकट २५०. सडका भाग पत्रा-कात्रीने चांगल्या पत्र्यापर्यंत काढला. पट्टी कोपऱ्यात आतून बसवली. रिव्हेट मारण्याआधी दोन्ही पत्र्यांच्या लागणाऱ्या बाजूंना प्रायमर लावलं आणि ओलं असतानाच आवळलं. हे टाळलं तर नव्या पट्टीच्या पोटातच नवा गंज तयार. बाहेरच्या कडेला एम-सील दाबून घडी बंद केली.

आणि कपाट फरशीवरून उचललं. दीड इंची चौकोनी पाइपाचे दोन आडवे तुकडे तळाला बोल्टने, त्यांना नायलॉनचे पाय, मिळून ४८०. रंगाच्या कामात हे येत नाही असं वाटेल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे पैसे हेच. पोछा आता खालून जाईल.

१ फेब्रुवारी, रविवार

तळाला आणि खालच्या फळीच्या पोटाला इपॉक्सी प्रायमर, दोन डब्यांचं, ६२०. उरलेल्या कपाटाला साधं रेड ऑक्साईड लागणार. सगळीकडे इपॉक्सी मारलं असतं तर चांगलंच, पण घट्ट जुन्या रंगावर ते चालत नाही. त्यातलं थिनर जुना ऑइल पेंट उचलतं. उघडा पत्रा असेल तिथेच इपॉक्सी. उलटं चालतं, म्हणजे इपॉक्सी वाळल्यावर हलकं घासून वर ऑइल पेंट मारता येतो.

दोन्ही भाग मिसळले की घड्याळ सुरू होतं. थोडं थोडं कालवा. शेवटचं पाव लिटर कपातच घट्ट झालं आणि ब्रशही त्यात गेला.

सांध्यांसाठी रोलर कामाचा नाही. प्रायमर थोडं पातळ करून छोट्या ब्रशने घडीच्या तोंडाशी सोडलं की ते आपोआप आत खेचलं जातं. कपाट उलटंपालटं करून चारही बाजूंनी असं पाजलं. वेळ जातो, दिसत काहीच नाही.

बाहेरच्या पोचांना पॅटीन. तेही उघड्या पत्र्यावर, प्रायमरच्या आधी. पातळ दोन हात, १२० आणि मग २२० ने घासून.

८ फेब्रुवारी, रविवार

काल दुपारी रेड ऑक्साईडचा पहिला हात दिला. संध्याकाळी दारं आणि ड्रॉवर गच्चीवरच ठेवून वरून प्लॅस्टिक टाकलं, धूळ बसू नये म्हणून. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब लटकत होते आणि प्रायमरवर पांढुरके डाग. बोटाने दाबलं तर मऊ.

नाशिकच्या थंडीतलं हे नेहमीचं. दुपारी छान ऊन, रात्री पारा उतरतो आणि उघड्यावरचा पत्रा हवेपेक्षाही गार पडतो. मग त्यावर दव धरतं. प्लॅस्टिकने दव अडत नाही, उलट आतली ओल कोंडते. रंगकामाचा नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. मोजायचं साधन नसेल तर नाशिकला जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी साडेदहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर ब्रश उचलूच नका, आणि पाचला सगळं घरात घ्या. घरात म्हणजे हॉलमध्ये. टर्पेंटाइनच्या वासाबद्दल जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

डाग पडलेला थर वाळू दिला, ओला-कोरडा घासला, पुन्हा मारला. आख्खा रविवार गेला.

रेड ऑक्साईडबद्दल अजून एक. ते लालभडक घट्ट दिसतं म्हणून लोक महिनोन्‌महिने तसंच ठेवतात. आपल्याकडे बांधकामावरच्या खिडक्यांच्या ग्रिल बघा. प्रायमर सच्छिद्र असतं, पाणी आत जातं. वरचा रंग आठवडाभरात चढायला हवा.

१५ फेब्रुवारी, रविवार

आतला रंग. हलका करडा ऑइल पेंट, भारतीय मानकाच्या आयएस ५ मधला ६३१ नंबर, लिटर ३४०. दुकानदार गडद ६३२ देत होता, मळ दिसत नाही म्हणून. पण ड्रॉवरच्या तळाशी पडलेला काळा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) गडद रंगावर सापडत नाही. आतून नेहमी फिकट.

कॉम्प्रेसर मित्राकडून आणला. तो सातपूरच्या पुढे राहतो आणि आज महाशिवरात्र. त्र्यंबक रोडवर त्र्यंबकेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग. गल्लीबोळांतून येईपर्यंत बारा वाजले.

ड्रॉवरवर पहिला फवारा मारला आणि रंगात पाण्याचे थेंब उमटले, प्रत्येकाभोवती गोल डोळा. टाकीच्या बुडाचा कॉक उघडला तर वाटीभर गढूळ पाणी निघालं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत उतरतं, ते दर वापराला काढायचं असतं. कॉम्प्रेसर मागून आणलेला असेल तर आधी कॉक उघडा, मग गन जोडा.

धुळीचंही आहे. सिंहस्थाच्या आधीची खोदकामं शहरभर सुरू आहेत, आमच्या मागच्या रस्त्यावरही. गच्चीवर पाणी शिंपडून घेतलं, तीन बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या. तरी बारीक कण बसलेच. ओल्या रंगातला कण नखाने काढायला जाऊ नये, खड्डा पडतो. वाळल्यावर ४०० च्या वॉटर पेपरने तो एका फिरवण्यात जातो.

फवाऱ्याने अर्धा रंग हवेत जातो हे दिसत होतं. फळ्यांना शेवटी चार इंची फोमचा रोलर वापरला. आतल्या बाजूला कोण बघतंय? कपाटाच्या पोटासाठी कॉम्प्रेसर आणूच नका.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल ऑफिसमधून आल्यावर रात्री दुसरा हात मारला. आज तीन ड्रॉवर सुरकुतलेत, पायसावर साय जमते तसे. बाकी दोन ठणठणीत.

फरक काय, तर त्या तिघांना पहिला हात जाड बसला होता. ऑइल पेंट वरून आधी बंद होतो, खाली ओला राहतो. गारठ्यात तर फारच. हाताला कोरडा लागला म्हणून वर दुसरा मारला की त्यातलं टर्पेंटाइन खालच्या अर्धवट थराला फुगवतं. डब्यावर लिहिलेली रात्रभराची मुदत पातळ हाताची आणि उबदार हवेची असते. नखाने दाबून बघायचं, खूण उठली तर थांबायचं.

लगेच घासलं तर कागद चिकटून भरतो. सुरकुतलेले ड्रॉवर उन्हात चार-पाच दिवस कडक होऊ देणार, मग घासून पुन्हा. तोवर बाहेरच्या बाजूचं काम पुढे.

२२ फेब्रुवारी, रविवार

दारं, बाजू आणि ड्रॉवरचे चेहरे यांना हॅमरटोन, चंदेरी करडा, लिटर ४५०. जुन्या लेथ आणि ड्रिल मशीनवर ठोकल्यासारखा खवल्यांचा रंग असतो तोच. घरी रंगवणाऱ्याला यासारखा मित्र नाही. मी भरलेले पोच साध्या चकचकीत रंगात लांबूनही कळले असते, खवल्यांत बुडून गेले.

पण त्याच्या अटी आहेत. पातळ मारला तर खवले पडत नाहीत, नुसता करडा दिसतो. एकाच भरपूर हातात काम संपवायचं, मागे वळून ब्रश फिरवायचा नाही. उभ्या पत्र्यावर एवढा जाड थर ओघळणारच, म्हणून दारं स्टुलांवर आडवी. कपाटाचा सांगाडाही एकेका कुशीवर झोपवला, एक बाजू झाली की दोन दिवस थांबायचं, मग दुसरी. थिनर डब्यावर सांगितलेलंच घ्या.

डाव्या दारावर माशी बसली. ती काढायला गेलो तिथे थोडा थर पुसला गेला, त्यावर ठिपका लावला. वाळल्यावर तिथले खवले वेगळ्याच मापाचे आले. हॅमरटोनला डागडुजी नाही, दार पूर्ण घासून परत मारावं लागलं. माशी तशीच राहू दिली असती तरी चाललं असतं.

१ मार्च, रविवार

जोडणी. बिजागऱ्या बसल्या. ड्रॉवर मात्र आत जाईनात. रनरवर आणि खाचेत प्रायमर धरून तीन थर, प्रत्येकी केसभर, पण दोन्ही बाजूंचे मिळून अडायला पुरतात. घासल्या जाणाऱ्या पट्ट्या सुरुवातीलाच मास्किंग टेपने झाकायला हव्यात. आता पत्तीने रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि पांढरी मेणबत्ती चोळली. ग्रीस नको, लोखंडाचा कीस चिकटून त्याची घासणारी पेस्ट होते. ठिपक्यांप्रमाणे लावल्यावर चौथा सोडून सगळे सरकले. चौथ्याचा रनर उचलून आणताना वाकला होता, लाकडी हातोडीने सरळ केला.

दारं बंद करून ठेवायची नाहीत. ऑइल पेंट हाताला कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला आठवडे घेतो. दार चौकटीला लागून राहिलं की रंगाला रंग चिकटतो आणि उघडताना सोलून येतो. फटीत बटर पेपरच्या पट्ट्या अडकवल्या.

८ मार्च, रविवार

आज रंगपंचमी. नाशिकला रंग धुळवडीला नाही, आजच खेळतात. जुन्या नाशकात रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद) उघडल्या आहेत. पोरांचे हात लागू नयेत म्हणून कपाट चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. तरी एका बाजूला गुलाबी पंजा उमटला, पण ओल्या फडक्याने निघाला. हॅमरटोन पुरेसा कडक झाल्याचा हा पुरावा समजतो.

ड्रॉवरमध्ये रबरी मॅट घालणार होतो. वर्कशॉपवाल्या मित्राने थांबवलं. मऊ पीव्हीसी आणि रबरातलं तेल हळूहळू ऑइल पेंटमध्ये उतरतं, रंग चिकट होतो आणि मॅट उचलली की सोबत येतो. पुठ्ठा ओल धरतो. पातळ कडक प्लॅस्टिकच्या शीटचे तुकडे कापून घातले. जुने फिटर हत्यारांच्या खणात कापराच्या वड्या ठेवतात, त्याही ठेवल्या. गुण किती येतो ते पावसाळ्यात दिसेल. सिलिका जेलच्या पुड्या आहेतच.

कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. फरशीचं ॲसिड आमच्याकडे जिन्याखाली असायचं, कपाटाच्या जागेपासून चार हातांवर. ते गच्चीवरच्या मोरीत हलवलं.

१५ मार्च, रविवार

खालच्या फळीच्या उजव्या सांध्यातून चहाच्या रंगाचा ओघळ. प्रायमर तिथे आत पोचलं नसणार. सांधा पत्तीने उघडून बघितला, ओल होती. हेअर ड्रायरने (आता तो कपाटाचाच) सुकवलं, फॉस्फरिक ॲसिड सुईच्या पिचकारीने सोडलं, धुतलं, पुन्हा सुकवलं. उरलेलं रेड ऑक्साईड पातळ करून पाजलं, वर करड्या रंगाचा ठिपका. स्पॉट वेल्डिंगच्या सांध्यांत हे होणार हे धरूनच चला आणि प्रत्येक रंगाचा थोडा साठा घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. हवा उरली की साय धरते.

हिशेब: कपाट, टेम्पो, उचलणावळ ३,७००. तारेचे कप, पॉलिश पेपर, ॲसिड, लिंबूसत्त्व, ठिगळ, पाय, पॅटीन, प्रायमर, रंग, थिनर, ब्रश, टेप मिळून ४,२८०. वाफेसाठी कार्ट्रिजवाला मास्क ८५०. कापडी मास्क थिनरपुढे काही कामाचा नाही. एकूण ८,८३०. पाठीमागची बाजू अजून रेड ऑक्साईडवरच आहे. ऑइल पेंट शिल्लक आहे, पावसाळ्याच्या आत तिला एक हात द्यायचा आहे. आणि वरच्या ड्रॉवरच्या कुलपाची चावी अजून कोणाकडे नाही. किल्लीवाला ८० रुपये म्हणतोय.